खिडकीच्या काचेवरची गांधीलमाशी

आजही निजायच्या खोलीत खिडकीच्या काचेवर गांधीलमाशी होती. जाडजूड, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा. मी तिच्यावर पेला पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि तिला कोंडून टेबलावर ठेवले. मग खिडकीची जाळी तपासली. ती मी स्वतः बसवलेली होती. तिच्यातून मुंगीसुद्धा शिरली नसती.

गेल्या वर्षी अशाच एका गांधीलमाशीच्या डंखाने हिचा घसा सुजून श्वास कोंडला होता. पुन्हा डंख बसला, तर दवाखाना गाठण्याइतका वेळ मिळेलच असे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"जाळी कोणीतरी उघडतं," मी म्हणालो.

"घरात माणसं किती? तुम्ही, मी आणि जावई. माझंच नाव घ्या, म्हणजे मिटलं," ही म्हणाली, पण उशी दोनदा झटकल्याशिवाय तिने पाठ टेकली नाही.

मुलगी बदली होऊन परगावी गेल्यापासून जावई आमच्याकडे राहत होते. पेला पाहून ते म्हणाले, "बाबा, गॅलरीत ते मातीचं घर आहे ना, तिथूनच येत असणार. पाडू का?"

"ते कुंभारीण माशीचं. ती बारीक कमरेची, कोणाच्या वाटेला न जाणारी. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

ते हसले, पण नजर चुकवून. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी हत्यारांच्या पेटीत मला माझी थापी दिसली. तिच्या कडेला सिमेंट वाळून घट्ट बसले होते. हत्यार न धुता ठेवण्याचे पाप माझ्या हातून घडणे शक्य नव्हते. घरात कोणी, कुठे आणि का सिमेंट लावले होते?

मी पुन्हा पेल्याजवळ बसलो. गांधीलमाशी उजेडाच्या बाजूला धडका देत होती. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून आत आलेली माशी काचेवर सापडते, तशी आतून बाहेर जाऊ पाहणारीही सापडते. मी उगाच जाळीवर पाळत ठेवून होतो.

ओल लपवण्यासाठी पलंगामागच्या भिंतीला आतून, मध्ये पोकळी सोडून, जिप्सम बोर्ड लावलेले होते. मी कान टेकला. वाळलेला कागद कुरतडावा तसा आवाज येत होता. उशाच्या वरच एक डाग दिसला. तिथे रंगाच्या पापुद्र्याशिवाय काही उरले नसावे. शेजारच्या लहानशा छिद्रातून मिशा हलल्या.

मी हिला हाताला धरून बाहेर काढले, दार लावले आणि फटीत ओला टॉवेल कोंबला.

"जावईबापू, थापी कुठे चालवलीत?"

"बाहेरच्या भिंतीला भोक होतं. त्यातून या ये-जा करत होत्या, म्हणून बुजवलं. आईंसाठीच केलं, बाबा. तुम्ही हत्यारांना हात लावू देत नाही, म्हणून बोललो नाही."

"बाहेरचं दार बंद केलंत, म्हणून त्या आतून दार पाडताहेत. हिच्या उशाशी!"

त्यांनी लगेच कीटकनाशकवाल्याला फोन लावला.

कीटकनाशकवाला अंगभर जाड पोशाख चढवून आला. बाहेरच्या भिंतीवरचे सिमेंट पाहून पेला हातात घेताच म्हणाला, "ही पोकळीत पोळं करते. भोक बुजवणारे महाभाग कोण?" आम्ही दोघेही छताकडे पाहू लागलो. त्याने आधी खोलीतला डाग पत्र्याने बंद केला, बाहेरचे सिमेंट फोडले आणि अंधारून आल्यावर भोकात भुकटी फुंकली. "आता आवाज पूर्ण थांबेपर्यंत बाहेरचं भोक उघडंच राहू द्या," असे बजावून तो गेला.

तोवर हिचा मुक्काम बैठकीत होता. मी रोज भिंतीला कान लावायचो. माझ्या मागोमाग जावईही लावायचे, कारण माझ्या कानावर आता त्यांचा भरवसा नव्हता. शेवटी दोघांनाही काही ऐकू येईना.

मी उशी पलंगावर नेऊन ठेवली. जावयांनी धुतलेली थापी माझ्या हाती दिली. ही दारातच थांबली. तिने भिंतीकडे पाहिले, मग आम्हा दोघांकडे.

"आता कुठे भोक दिसलं, तर आधी तोंड उघडा," ती म्हणाली, "मग सिमेंट कालवा."

आणि उशी एकदाच झटकून आडवी झाली.