सहावा पेपर

"हे पान सगळ्यात मागं का लपवलंयस?" नरसिंहसरांनी फायलीतून तिसऱ्या सेमिस्टरची मार्कशीट ओढून काढली.

"फाइल बाबांनी लावलीय, सर," मयुरा म्हणाली.

दिल्लीत करोल बागेतल्या या दुसऱ्या मजल्यावर सर सैन्य अकादमीच्या मुलाखतीची तयारी करून घेत. निवृत्त मेजर. मयुराशी मायेनं मराठीत बोलत, राग किंवा आनंद अनावर झाला की मात्र हिंदीत.

"पाच पेपरांत फर्स्ट क्लास, संख्याशास्त्रात नापास. मुलाखतीत पहिलं बोट इथंच पडणार. काय सांगशील?"

मयुरानं सांगितलं. त्या सेमिस्टरला पाच पेपर पुरेसे होते, तिनं हौसेनं सहावा जादा घेतला. त्याच पेपरला शेजारच्या बाकावरच्या तनयाला आकडी आली. मयुरानं तिला उचलून बाहेर नेलं, तिची आई येईपर्यंत दवाखान्यात तिचा हात धरून बसली. पुढल्या वर्षी पुन्हा बसून पेपर सोडवला.

सर खुर्चीत ताठ झाले. "अरे यार, ये तो सोना है! स्वतःची परीक्षा सोडून मैत्रिणीला वाचवलं. बस, हेच बोलायचं."

"पण तो पेपर आधीच गेला होता, सर. तासाभरात एक प्रश्न धड सुटला नव्हता. जादा पेपर मला झेपलाच नाही."

"ते तुला कोण विचारतंय?"

"मीच विचारतेय. तनयाचं दुखणं मी मेडलसारखं छातीवर नाही लावणार."

"तो फिर घर बैठो!" सर कडाडले.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मयुराचा बाप हरीश आमटीला फोडणी देत होता. बायको गेल्यापासून याच हातांनी त्यानं लेकीची वेणी घातली, डबा भरला, तापात कपाळ चेपलं. हेच हात मंत्रालयात साहेबांच्या फायली लावत. कुठला कागद वर ठेवायचा, कुठला तळाला सरकवायचा, ते त्यांना न बघता कळे.

"सर सांगतात तर बोल ना, बेटा. खोटं थोडंच आहे? उचललंस तर खरंच."

"उचललं तिच्यासाठी, बाबा. नापास झाले माझ्यामुळे. या दोन्हींची गाठ मी मारणार नाही."

हरीशनं गॅस बारीक केला.

भोपाळला मुलाखतीत अधिकाऱ्याचं बोट सरांनी सांगितलं होतं नेमकं तिथंच पडलं. "हे काय झालं?"

"झेपेल असं वाटलं होतं, सर. नाही झेपलं. पुढल्या वर्षी पुन्हा बसले, पास झाले."

"काही विशेष कारण?"

तनयाचा गार हात क्षणभर तिच्या तळव्यात येऊन गेला.

"नाही, सर."

पाच दिवसांच्या निवडचाचणीच्या शेवटच्या दिवशी सगळी मुलं-मुली उन्हात ओळीनं उभी होती. निवडलेल्यांच्या छातीवरचे नंबर पुकारले गेले. मयुराचा आला नाही. त्या उत्तरामुळे की आणखी कशामुळे, तिथं कुणी सांगत नाही. तिनं छातीवरच्या नंबराच्या नाड्या सोडल्या, कापडाची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

नवी दिल्ली स्टेशनवर हरीश उभा होता. तिचा चेहरा बघून त्यानं बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. पहाडगंजच्या बाजूला चालताना त्याला राहवलं नाही.

"सरांचं ऐकलं असतंस तर..."

"तर माझ्या नावानं त्यांनी दुसरीच कुणी मुलगी निवडली असती, बाबा." ती थांबली. डोळे भरले होते, मान ताठ होती. "वय आहे अजून. पुन्हा अर्ज करीन. पुन्हा बोट ठेवलं, तर पुन्हा हेच सांगीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बूट घालून पळायला गेली. कडुलिंबाखालच्या रस्त्यावर तिची पावलं वाजत दूर गेली.

हरीशनं फाइल काढली. तळाची मार्कशीट बाहेर घेतली, मुडपलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला, आणि ती सगळ्यात वर ठेवली.