मेणात चिणलेला मिठाचा खडा

मी मिठाचा खडा बोलतोय. एका मेणबत्तीच्या पोटात चिणला गेलोय, त्यामुळे आवाज दबका येईल. जरा जवळ या.

आमच्यात दोन प्रकारचे कण असतात. एकाने फार पूर्वी आपल्याजवळचं थोडं दुसऱ्याला दिलं, आणि तेव्हापासून देणाऱ्याला घेणाऱ्याची आणि घेणाऱ्याला देणाऱ्याची ओढ लागली ती सुटत नाही. चहूबाजूंनी, वरून, खालून धरलेलं. हलायला तसूभर जागा नाही. म्हणून मी कडक.

मला आणलं ते एका सासऱ्याने. तो आणि त्याची सून घराच्या पुढच्या खोलीत मेणबत्त्या करत. म्हाताऱ्याचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, वर्षापूर्वी वारला. सुनेचा भाऊ म्हणत होता, "ताई, तिथे काय उरलंय? माझ्याकडे चल." ती म्हणाली होती, "खानावळवाल्याने मेणबत्त्यांचं काम दिलंय, ते नीट पार पडलं तर राहते. नाही तर येते." म्हाताऱ्याने हे ऐकलं होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

साचे लवकर निवावेत म्हणून ते बर्फाच्या घमेल्यात ठेवत, आणि बर्फ आणखी गार व्हावा म्हणून त्यात मीठ टाकत. मीठ एका डब्यात, मेणाचा चुरा दुसऱ्यात. डबे सारखे, दोन्हीतला माल पांढरा. म्हाताऱ्याने घाईत मिठाचा डबा मेणाच्या पातेल्यात उपडा केला.

मेण वितळलेलं होतं. त्याचे कण आपापल्या घरात घट्ट, पण शेजाऱ्याशी नुसती तोंडओळख. थोडी ऊब लागली की हात सोडून वाहायला लागतात. आमच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही तळाशी गेलो, आणि पळीबरोबर साच्यात.

मेणबत्ती पेटवली तर तडतड, तडतड. ज्योत विझली.

"मामंजी, काय ओतलंत हे?"

"मेणच की." त्याने बोट चाटून पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "थांब पोरी, परत तापवतो. वितळेल सगळं."

"मीठ वितळतं होय? चुलीवर?"

"विस्तव वाढवू."

विस्तव वाढला. मेण धुरायला लागलं, त्याचे काही कण तर हवेतही उडून गेले. आम्ही जागच्या जागी. अहो, आमची मिठी सोडवायला लोखंड लालबुंद करणारा विस्तव लागतो. मला त्या म्हाताऱ्याची दया येत होती. पण दयेने सुटण्यासारखी ती मिठी नव्हे.

"उतरवा ते पातेलं. घर पेटवाल," सून म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन तिने पेटी भरायला घेतली.

म्हातारा दारात उभा. "तुझी ती निळी शाल घे. तिकडे थंडी असेल."

जाण्याआधी भांडी तरी स्वच्छ करून ठेवावीत, म्हणून निवलेल्या मेणाचे तुकडे आणि बिघडलेल्या मेणबत्त्या तिने मोठ्या पातेल्यात पाण्यात टाकल्या, आणि मेण सुटावं म्हणून पाणी उकळलं.

आगीला जे जमलं नाही ते पाण्याने केलं. पाण्याने आमच्या एकेकाला हळूच बाजूला घेतलं, घेरलं, समजावलं. माझे भाऊबंद विरघळून गेले. वर मेणाचा थर आला, आणि निवल्यावर पांढरंशुभ्र झाकण झालं.

तिने ते उचललं. खालचं पाणी चाखलं. "मामंजी, खारट!"

"म्हणजे?"

"म्हणजे साचे काढा. बघत काय बसलात?"

खानावळवाल्याच्या मेणबत्त्या शांत जळल्या. भाऊ न्यायला आला तेव्हा ती वाती कापत होती. "मी नाही येत, दादा. यांच्या हाती डबे सोडले तर उद्या चहातही मेण पडेल."

म्हातारा हसला. मग डोळे पुसायला आत गेला.

एक मेणबत्ती मात्र फळीमागे घरंगळली होती. ती उकळायची राहिली. तीत मी. सुनेला सापडली तेव्हा तिने ती मिठाच्या डब्यावर खूण म्हणून चिकटवली.

त्यांचं भलं झालं, मला आनंद आहे. पण माझ्या खाली, पत्र्यापलीकडे माझेच भाऊबंद आहेत आणि मी त्यांना शिवू शकत नाही. इथून काही दिसत नाही, नुसता धूसर उजेड. कधी या खोलीत आलात, तर मला जाळू नका. त्याने काही होत नाही. एवढं करा, पातेलीभर गरम पाण्यात सोडा.