मागच्या गल्लीची वीज

"मिक्सर बंद कर आधी!" शफी जिन्यातून ओरडला. "ऊन वर आलंय."

कमरुन्निसानं अर्धवट वाटलेली चटणी पाट्यावर घेतली. लोक छतावर सोलर बसवतात ते सुखानं पंखे फिरवायला. हिच्या नवऱ्यानं मात्र ते बसवल्यापासून दहा ते चार घरातला पंखासुद्धा बंद ठेवला होता. मोशी गावात त्याला कंजूष म्हणायचे, आता तीही म्हणू लागली होती.

शफीचं कारण वेगळंच होतं. मीटर बसवताना वायरमन बुद्धभूषण सहज बोलून गेला होता, "चाचा, तुमची जास्तीची वीज लांब जात न्हाई. याच डीपीवरची, म्हंजी ट्रान्सफॉर्मरवरची, शेजारची घरं वढून घेत्यात." त्या डीपीवर मागची गल्ली होती आणि गल्लीत नबीला, त्याची एकुलती एक लेक.

दोन वर्षांपूर्वी तिनं बापाच्या मनाविरुद्ध शोएबशी निकाह केला. शोएब शफीच्याच दुकानात विजेच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलेला. "माझ्या दारात पाय ठेवू नकोस," असं शफी तेव्हा बोलून बसला. तिच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, पण बोललेलं मागं घ्यायला जीभ रेटत नव्हती. तिचा पंखा आपल्या विजेवर फिरतोय, एवढ्यावर तो दुपार काढायचा.

आज बुद्धभूषण मीटर तपासायला आला, तेव्हा शफीनं उगाच विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या गल्लीत लाइट नीट असती ना?"

"ती गल्ली नव्या डीपीवर टाकली की, चाचा. दिवाळीतच! आता समोरच्या जिममधी पोरं पळत्यात तुमच्या विजेवर."

तो हसत निघून गेला. शफी पायरीवर बसला. दिवाळीपासूनच्या सगळ्या दुपारी त्यानं घामात काढल्या होत्या.

कमरुन्निसा दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळं उमगलं. ती चिडली नाही. पदराला हात पुसून तिनं लेकीला फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरला.

"अम्मी?"

"मी हाय," शफी कसाबसा म्हणाला. "तुझ्याकडं लाइट हाय का?"

"हाय, अब्बा. तुमची गेली का? शोएबला पाठवू बघायला?"

घरात फ्रीज घरघरत होता. चाळीस वर्षं गावाच्या मोटारी दुरुस्त करणारा शफी म्हणाला, "व्हय, गेली. दोघंबी या."