भाकर मोडल्याचा आवाज

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकर मोडून खायच्या विधीला, कडक भाकर असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकेका घराच्या पाळीनं. ज्वारीची पातळ भाकर थापायची, भाजायची आणि चुलीपाशी उभी लावून पापडासारखी वाळवायची. सोलापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाळक गंगाधरराव ती दोन्ही हातांत धरून वर उचलत आणि मोडत. कट् असा आवाज होई. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असत. त्या आवाजावर डोळे उघडायचे.

केराबाईच्या घराला पाळी कधी येतच नव्हती. ती कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरायची. नवरा वारल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला, त्याला काही वर्षं झाली होती. पाळ्या ठरवायच्या मथुराबाई. मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. प्रभुभोजनाच्या टेबलावरची पांढरी चादर त्यांच्याकडे, द्राक्षरसाचा प्याला त्यांच्याकडे. मथुराबाईंचे आजोबा महार, केराबाईचा बाप मांग. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं. वेशीबाहेर आमच्या लोकांनी आणखी एक वेस बांधली, आणि ख्रिस्ती झाले तेव्हा तीही उचलून आत आणली. हे मंडळीत कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहितो.

शेवटी केराबाईनंच विचारलं, "बाई, माझी पाळी कवा?" चारचौघींत विचारलं, म्हणून मथुराबाईंना पुढचा महिना द्यावा लागला.

शनिवारी तिनं पीठ मळायची काटवट राखेनं घासली, पुन्हा घासली. नवी ज्वारी दळली. धुतलेलं लुगडं नेसून भाकरी केल्या. नव्या फडक्यात बांधून वर घट्ट गाठ मारली आणि सकाळी पुडकं मथुराबाईंच्या हातात दिलं. मग मागं जाऊन, दारापाशी, गिरणीवाल्यांच्या सतरंजीवर बसली.

प्रार्थना झाली. डोळे मिटून ती वाट बघत राहिली. आवाज झालाच नाही.

डोळे उघडले तेव्हा ताटं फिरायला लागली होती. ताटांत पावाचे पांढरे तुकडे. सदर बाजारातल्या बेकरीचा पाव. बेकरीवाल्याची जात कुणी विचारली नव्हती.

ताट तिच्यासमोर आलं. तिनं तुकडा घेतला, खाल्ला. उपासना संपल्यावर बाजूच्या खोलीत गेली. पुडकं खिडकीत पडलं होतं. गाठसुद्धा सोडली नव्हती.

"बाई, ही हितंच हाय की."

"अगं, तसं काही नाही," मथुराबाई चादरीची घडी घालत म्हणाल्या. "मंडळीत म्हातारी माणसं आहेत. त्यांना कडक चावत नाही."

"मागल्या म्हैन्यातली बी कडकच हुती. तवा दात हुते व्हय समद्यांना?"

गंगाधरराव दारात आले. "केराबाई, आज पवित्र दिवस आहे. मंडळीत दुफळी नको."

"मी कुटं केली, पाळकसाहेब? मी तर भाकरी केल्या."

गंगाधरराव दारातूनच मागं फिरले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मंडळीत भित्रा माणूस वाईट माणसाइतकंच काम करतो.

घरी तिचा दीर धुळाप्पा ओट्यावर बसला होता. त्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. पुडकं बघून त्याला सगळं कळलं.

"काय वैनी! देव बदलला, पर भाकरीची जात न्हाय बदलली की!"

"हसा भावजी, हसा."

"सोडा की त्यो नाद. मरीआईनं कवा तुमची भाकर परत धाडली न्हाय."

"मी काय मथुराबाईच्या नावानं बाप्तिस्मा घेतलाय व्हय?" केराबाई उसळली. "ज्यानं बोलवलं त्याच्या घरी गेले. दारात कोण आडवं उभं हाय म्हणून माघारी फिरू? बसा, चटणी देते. भाकरी वाया न्हाय घालवायची."

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा असते. पाळक विचारतात, "कुणाच्या मनात भावाबहिणीविषयी काही असेल, तर आज सांगून मोकळं व्हा." हे विचारायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. माणसं खाली बघतात, खोकतात, मग शेवटचं गीत होतं.

पुढच्या महिन्यात गंगाधररावांनी विचारलं आणि केराबाई उठली.

"माझ्या मनात हाय."

खाली बघणाऱ्यांनी माना वर केल्या.

"मथुराबाईंनी माझी भाकर टेबलावर ठिवली न्हाय. म्हैनाभर मला त्यांचा लई राग आलाय. कांड्या भरताना राग, निजताना राग. असला राग घिऊन मी उद्या ताटाला हात लावू का नको, तेवढं सांगा."

"राग तुझा आहे," मथुराबाई पुढून म्हणाल्या. "तूच सोड."

"सोडायलाच आले." तिनं पदराखालनं पुडकं काढलं आणि पुढं जाऊन टेबलावर ठेवलं. "उद्याची पाळी तुमच्या घरची. तुमच्या भाकरीसंगं ही बी ऱ्हाऊ द्या. तुमी खाऊ नका, माझी जबरदस्ती न्हाय. पर प्रभूच्या टेबलावरनं उचलू नका. टेबल तुमचं न्हाय, माझं बी न्हाय."

गंगाधररावांनी मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींकडं पाहिलं. त्यांचा पगार त्याच माणसांच्या हातात होता. वडीलमंडळी छताकडं बघत होती. मग गंगाधरराव टेबलापाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. घट्ट होती. बराच वेळ लागला. कुणी गीत सुरू केलं नाही.

रविवारी केराबाई दारापाशी डोळे मिटून बसली. कट्. आणि लगेच पुन्हा, कट्.

पाळकांनी एक तिची मोडली, एक मथुराबाईंची. तुकडे एकाच ताटात पडले. ज्वारी तीच, सोलापूरची. कुठला तुकडा कुणाचा, हे आता कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

ताट फिरलं. पुढच्या ओळीतल्या काहींनी तुकडा घेतला, काहींनी घेतला नाही. मथुराबाईंचा हात ताटावर गेला. बोटं एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेली, थांबली. त्यांनी हात मागं घेतला आणि ताट शेजारणीकडं सरकवलं.

ताट मागं आलं तेव्हा केराबाईनं समोर पडला तो तुकडा घेतला.

धुळाप्पा ओट्यावर वाटच बघत होता. "खाल्ली का मास्तरणीनं?"

"न्हाय."

"मग काय मिळवलं तुमी?"

"उपाशी ऱ्हायली बिचारी. तिची सोताची बी त्यातच हुती की."

"आन् तुमचा राग?"

केराबाईनं काटवट पालथी घातली, वरची राख झटकली.

"निम्मा गेला. उरलेल्यासाठी पुढल्या म्हैन्यात परत थापायला लागतील."