तारा विझवणारी काच

मी काच बोलतेय. खिडकीची नाही आणि चष्म्याचीही नाही. माझं काम उजेड घालवण्याचं आहे, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग मला घासघास घासलं आणि अंगावर पातळसा लेप चढवला. तपासनिसाने भिंग लावून नाक मुरडायला जागा शोधली, ती काही त्याला सापडली नाही. तेव्हापासून निम्मा प्रकाश मी आरपार सोडते, निम्मा परतवते.

टेकडीवर दोन दुर्बिणी आहेत, एकमेकींपासून बऱ्याच लांब. दोघी एकाच ताऱ्याकडे बघतात आणि त्याचा प्रकाश बोगद्यातून माझ्या खोलीत धाडतात. ताऱ्याशेजारी एखादा ग्रह असतो, पण त्या झगमगाटापुढे बिचाऱ्याला विचारतो कोण? म्हणून दोन्हीकडच्या प्रकाशाच्या लाटा मी अशा मिसळते, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसावा. झालं, तारा गुल! ग्रह जरासा बाजूला असतो, त्याच्या लाटा तशा जुळत नाहीत, म्हणून तो तेवढा उरतो.

पाहुणे विचारायचे, "एवढा खटाटोप करून शेवटी अंधारच करायचा?" तेव्हा आमच्या बाई नुसत्या हसायच्या.

बाई म्हणजे इथल्या प्रमुख. एका ताऱ्यापाशी ग्रह आहे, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. पण तो तारा काही केल्या पुरता विझेना. कुठून तरी पाझरायचाच. वरिष्ठांनी बजावलं, या हंगामात जमलं नाही तर तो तारा सोडून द्या.

"काचच बदलू या, बाई. लेप गेलाय हिचा," तंत्रज्ञ म्हणाला.

माझा लेप गेलाय म्हणे! संताप झाला माझा.

"तिला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "थांबा, मी बघून येते."

बाई रोजच यायच्या. निरीक्षण सुरू व्हायच्या आधी माझ्यावर वाकून "कशी आहेस गं?" असं विचारायच्या. मग बराच वेळ उभ्या राहायच्या. मला फार बरं वाटायचं.

पुढे त्यांची लेक बाळंत झाली आणि बाई आठवडाभर तिच्याकडे गेल्या. त्या आठवड्यात तारा मुकाट्याने विझला. परतल्यावर बाईंनी सगळे आलेख पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मीच ती!"

"तुम्ही? तुम्ही तर नुसत्या बघून यायचात."

"तेच तर! माझ्या अंगाची ऊब खोलीत राहायची. तिने हवा हलते, आणि हवा हलली की लाटा चुकतात. आजपासून दाराला कुलूप. आणि किल्ली माझ्याकडे नको, मला राहवायचं नाही."

हंगाम संपायच्या आत पडद्यावर ठिपका दिसला. बाहेरचा आरडाओरडा मला दाराआडूनही ऐकू आला. सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता. आत मात्र त्या आल्या नाहीत.

काल बाई निवृत्त झाल्या. दुपारी नवे साहेब त्यांना दाराशी घेऊन आले.

"या ना, भेटून जा तिला. आजचं काम उद्या करू."

या बाई, या, असं मला किती वाटलं!

"नको," बाई म्हणाल्या. "आज आकाश स्वच्छ आहे." मग त्यांची पावलं लांब गेली.

साहेब, माझी काळजी वाटली तरी तुम्हीही आत येऊ नका. मी ठणठणीत आहे. अजून कितीतरी तारे विझवायचेत मला. फक्त एक करा. काल रात्री मी बाईंचा तो तारा असा विझवला, की पडद्यावर ग्रहाशिवाय काही उरलं नाही. बाई तेव्हा घरी पोहोचल्या असतील. त्यांना एवढं फोन करून सांगा.