उभ्या वाहतुकीचे सल्लागार

शाळेच्या फॉर्मवरचे सगळे रकाने बायकोने भरले होते. एकच मोकळा ठेवला होता, ‘वडिलांचा व्यवसाय’. “हा तुझा तू भर, मला ड्यूटीला उशीर होतोय,” असं म्हणून ती हॉस्पिटलात निघून गेली. ती ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. तिच्या नोकरीपायी बिऱ्हाड उचलून सगळे या परक्या देशात आले होते, आणि लेकीची फीसुद्धा हॉस्पिटलच भरणार होतं. मिस्त्रीच्या वाट्याला काम एकच आलं होतं, शाळा निवडायचं.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. सतरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणून मागे आपल्या देशात सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत आणि त्यालाही ते आवडे. इथे कामाच्या परवान्याचे कागद अजून आले नव्हते. तरी लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी किल्ली खिशातल्या जुडग्यात होतीच. सवय, दुसरं काय!

आधी दोन शाळा बघून झाल्या होत्या. पहिलीत सगळं शिकवणं तिथल्या भाषेत. लेक तिथे सहा महिने भिंतीकडे बघत बसली असती. या लेकीला घरात टिटवी म्हणत, वय आठ आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. दुसऱ्या शाळेत पालकांच्या चहापानाला एका सूटवाल्याने विचारलं, “आपण काय करता?” मिस्त्रीने ताठ मानेने सांगितलं. “वा, वा,” सूटवाला म्हणाला, “आमच्या बिल्डिंगची लिफ्ट फार कुरकुरते हो.” आणि आपला रिकामा कप मिस्त्रीच्या हातात देऊन तो दुसऱ्या कुणाशी बोलायला गेला. मिस्त्री तो कप धरून बराच वेळ उभा होता. टिटवीने ते पाहिलं का, हे त्याने तिला कधी विचारलं नाही.

ही तिसरी शाळा. शिकवणं इंग्रजीत, वर्गात मुलं बेताची आणि जागा एकच शिल्लक. तेव्हा मिस्त्रीने टिटवीच्या देखतच त्या मोकळ्या रकान्यात लिहिलं, ‘व्हर्टिकल ट्रान्सपोर्टेशन कन्सल्टंट’. उभ्या वाहतुकीचे सल्लागार! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कुठल्याशा कंपनीच्या माहितीपत्रकात त्याने हे शब्द वाचले होते. हे काही अगदी खोटं नाही, असं त्याने स्वतःला चार वेळा समजावलं. खरं असतं तर एकदाही समजवावं लागलं नसतं.

शाळा दाखवायला मुख्याध्यापिका स्वतः आल्या होत्या. बरोबर पाच-सहा जोडपी, आणि मिस्त्री नि टिटवी. तिसऱ्या मजल्यावर सगळे वाचनालयाकडे वळले, तेवढ्यात लिफ्टच्या दारामागे धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ मुठी आपटल्याचा. सफाईवाली बाई बादली घेऊन वर येत होती, ती मध्येच अडकली होती. “पडणार! खाली पडणार!” मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती ओरडत होती. कारकुनाने फोन केला. लिफ्ट कंपनीचा माणूस तासाभराने येणार होता.

मिस्त्रीने दाराच्या फटीतून एक नजर टाकली. लिफ्ट मजल्याच्या हातभर खाली थांबली होती. दाराच्या कुलपाची गडबड, दहा मिनिटांचं काम. आता, परवाना नसताना परक्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही, हे एक वेळ मान्य. पण दाराशी तोंड नेऊन चार शब्द बोलायला कुठला आलाय परवाना? मागे कुठेही कुणी अडकलं की तो आधी तेच करायचा. आधी धीर द्यायचा, किल्ली नंतर.

टिटवी सुट्टीत त्याच्याबरोबर कामावर जायची. लिफ्टला कान लावून ‘हिला काय दुखतंय’ ते ओळखायचं, हा बापलेकीचा खेळ होता. आता तिने त्याचा शर्ट ओढला. “बाबा, किल्ली आहे ना खिशात? काढ ना!”

मिस्त्रीने ओठांवर बोट ठेवलं.

“अरे, पण ती काकू घाबरलीय!”

“गप्प. एक शब्द बोलू नकोस.” त्यांचं मराठी तिथे कुणाला कळणार नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

मग पोरगी काय करते? सरळ दारापाशी पालथी पडली, फटीला तोंड लावलं आणि येईल तसं इंग्रजी जोडत ओरडली, “लिफ्ट पडत नाही, काकू! तिला पुष्कळ दोर असतात! खाली बसा, दाराला टेकू नका! माणूस येतोय!”

मुठी आपटायच्या थांबल्या.

“कमाल आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “हिला हे सगळं कसं माहीत?”

टिटवीने मान वळवून बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा फुलला होता. उत्तर त्याचं होतं आणि ते त्यानेच द्यावं म्हणून ती थांबली होती.

“टीव्हीवर बघते काहीतरी,” मिस्त्री म्हणाला आणि तिला दंड धरून उठवलं. सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी कारकुनाला तिथे उभं केलं आणि त्या पुढे निघाल्या. आतून बाईचा आवाज आला, “बाळ, आहेस ना तिथे?” टिटवी थबकली, पण दंड अजून मिस्त्रीच्या हातात होता.

मिस्त्रीला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापवणारी. ज्या कामाने सतरा वर्षं घर चालवलं, त्याच कामाला चार परक्या माणसांपुढे ओळख दाखवायची नाही? खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? खिशात त्याने किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तीन कोपरे उमटले.

मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी पुन्हा तोच विषय काढला. “लिफ्टचं इतकं तुला कुणी शिकवलं?”

टिटवीने बापाकडे पाहिलं. आता बोल, मिस्त्री स्वतःला म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही. आणि मूग गिळून बसला.

“टीव्हीवर बघितलं,” टिटवी म्हणाली.

“आणि बाबा काय करतात?”

“कन्सल्टंट आहेत.”

एवढंच. एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देणारी मुलगी त्या दिवशी मोजून बोलली. प्रवेश मिळाला. मुख्याध्यापिकांनी तर दोघांशी हात मिळवून ‘फार समंजस मुलगी आहे’ असं प्रशस्तिपत्रही दिलं. मिस्त्रीने आपला हात पटकन मागे घेतला.

बाहेर पडताना लिफ्टचं दार उघडं दिसलं. बाजूच्या बाकावर ती सफाईवाली बाई पाण्याचा ग्लास धरून बसली होती. टिटवीला बघून तिने हात हलवला. टिटवीनेही हलवला, पण आधी बापाकडे बघून घेतलं.

बसमध्ये बायकोचा फोन आला. “मिळाली जागा?”

“मिळाली.”

“मग आवाज असा का?”

“दमलोय जरा.”

टिटवी खिडकीला टेकून बसली होती. तिला काहीतरी सांगायला हवं, हे मिस्त्रीला कळत होतं. माझं चुकलं म्हणायचं, तर नेमकं काय चुकलं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर आधी त्या रिकाम्या कपापासून सुरुवात करायला हवी. तेवढ्यात उतरायचा थांबा आला.

घराच्या बिल्डिंगची लिफ्ट आली. त्यांच्या पाठोपाठ आठव्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. लिफ्ट निघाली आणि डाव्या अंगाला काहीतरी कर्रकर्र घासू लागलं. मिस्त्रीला एकदम हायसं वाटलं. माफी मागायची नाही तर नाही, खेळ तरी आहे. तो खाली वाकला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “टिटवे, ऐकलंस? सांग बरं, हिला काय दुखतंय?”

टिटवीने ऐकलं होतं. तिचे डोळे डाव्या बाजूला गेलेसुद्धा. मग तिने त्या आजींकडे पाहिलं, बापाचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल, बाबा,” ती कुजबुजली. “मी नाही सांगणार कुणाला.”