दहा मण्यांचा प्रोग्राम

मित्रांनो, मी नंदाखाल गावातल्या एका शाळेतला जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, सुरू व्हायला मला वेळ लागतो आणि एकदा बोलायला लागलो की मी थांबत नाही. ऐका तर!

मुंबईतल्या एका ऑफिसात मी सात वर्षं राबलो. काय थाट होता माझा! मग नवे संगणक आले आणि मला खोक्यात भरून इथे धाडलं. मुलांनी मला चक्क हार घातला. मी फुशारून गेलो, खोटं कशाला बोलू?

पण आठवीतली जेसिका समोर बसली की माझा जीव खालीवर व्हायचा. एकच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, हे शिकवायला पुस्तकात बर्फाचा माणूस आणि चाळीस मजल्यांची लिफ्ट होती. जेसिकाने बर्फ पाहिला होता तो फक्त बाजारात, मासळीवरचा. ती गोंधळायची, मी लाल अक्षरांत चूक दाखवायचो आणि शेजारचा वेदांत फिदीफिदी हसायचा. शनिवारी परीक्षा होती. स्वतःचा प्रोग्राम जमला नाही, तर संगणकाच्या वर्गाच्या यादीतून तिचं नाव जाणार होतं.

"टीचर, माझं नाव काढूनच टाका. आपल्याला नाय जमायचं," ती म्हणाली. मला डोळे असते तर मी रडलोच असतो.

गोखिवऱ्याहून येणाऱ्या लतिका टीचरनी पुस्तक मिटलं. "बर्फ राहू दे गं. संध्याकाळी घरी काय करता, ते सांग."

"रोझरी बोलतो. जपमाळेच्या मोठ्या मण्यावर एक प्रार्थना, मग छोट्या दहा मण्यांवर दहा 'नमो मरिया'. असं पाच वेळा."

"अगं, मग हेच सांग की त्याला!"

जेसिका टाइप करू लागली. पडद्यावर एक मोठा मणी आला, मग छोटे मणी. ती एकदम ओरडली, "अय्या, छोटे मणी अकरा झाले!"

"कसं ओळखलंस?"

"रोज मीच पुढे बोलते ना! एक जरी चुकली तरी मम्मी डोळे वटारते."

तिने शून्यापासून दहापर्यंत मोजलं होतं. शून्याच्या जागी तिने एक लिहिला.

शनिवारी पाच मोठे आणि पन्नास छोटे मणी माझ्या पडद्यावर गोलाकार उमटले. लाल अक्षर एकही नाही! माझा पंखा आनंदाने असा घरघरला, की शिपाई काशीराम धावत आला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. जेसिकाचं नाव यादीत कायम राहिलं.

वेदांत हळूच म्हणाला, "आमच्या दाराच्या तोरणाचं पण करून दे ना. एक आंब्याचं पान, दहा झेंडू."

"करून कशाला? बस इथे, तूच कर. मी सांगते," जेसिका म्हणाली आणि तिने त्याला आपली खुर्ची दिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवरची धूळ जरूर पुसा. पण एखादं मूल अडलं, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. आधी पुस्तकातलं उदाहरण बदलून पाहा.